थंडीतला डोंगर आणि पायातली पँट

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरही बदलतो. पावसाळ्यात सगळे बुटांबद्दल विचारतात, आता पँटबद्दल.

प्रश्न : डिसेंबरात रात्री कळसूबाई चढणार आहोत. जीन्स चांगली जाड असते, मग ती का नको म्हणतात? (सिडको)

जाड असते म्हणूनच नको. जाड सुती कापड पाणी पितं आणि लवकर सोडत नाही. पहिल्या कळसूबाईला मीही जीन्सच घातली होती. बारी गाव मागे पडलं तोवर बांधावरच्या गवतातल्या दवानं ती गुडघ्यापर्यंत भिजली, मांड्या पुढे घामानं भिजल्या. चढताना काही जाणवलं नाही. वर देवळाच्या आडोशाला उजाडायची वाट बघत बसलो आणि वारा सुटला. उतरताना शिडीवर गुडघा वाकवायचा तर आधी कातडीला चिकटलेलं कापड ओढून सोडवावं लागत होतं. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं, त्याचा हा अनुभव.

नायलॉनची साधी ट्रेक पँट घाला. चढताना आत थर्मल नको, घामच येईल. वर बसायच्या वेळी वरून चढवायला पावसाळी पँट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. गंमत म्हणजे निवांत, निरभ्र रात्री गार हवा खोऱ्यात साचते, त्यामुळे 1646 मीटरच्या शिखरापेक्षा कधीकधी खाली निफाडलाच पारा जास्त उतरतो. शिखरावर छळतो तो वारा.

प्रश्न : जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातोय. दुकानदार म्हणाला, जाड थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापड), त्यावर बर्फाची फुगीर पँट. एवढं लागेल? (गंगापूर रोड)

चालताना नाही. शिखर 12,500 फुटांवर आहे, बर्फही असेल, पण चढावर मांड्या शेगडीसारख्या तापतात. तीन थर घातलेत तर तासाभरात आतून ओले व्हाल आणि पहिल्याच विश्रांतीला कुडकुडाल. आत पातळ थर्मल, मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं. वर सॉफ्टशेल पँट, म्हणजे दाट विणीची, थोडी ताणणारी, वारा अडवणारी. चालायला एवढं पुरतं. फ्लीस तंबूत घाला. झोपायचं थर्मल वेगळं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडं ठेवलेलं, आणि ते दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचं नाही.

पैसे खरे घालायचे ते वॉटरप्रूफ पँटवर. तिला बाजूनं वरपासून खालपर्यंत चेन हवी, कारण पहाटे अंधारात बूट आणि त्यावरचे मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे काटे) काढून पँट घालणं होत नाही. घरीच करून बघा: बूट घाला, हातमोजे घाला, हॉलमध्ये एका पायावर उभे राहा आणि पँट चढवा. सोफ्याचा आधार लागला तर दुसरी बघा. खालचा घेर ढगळ असेल तर काटे त्यात अडकून माणूस तोंडावर पडतो. म्हणून गेटर्स लावा, म्हणजे बुटाच्या वरपासून पोटरीपर्यंत बांधायची आवरणं.

थर्मलसाठी महागड्या दुकानात जायची गरज नाही. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधलंही चालेल, फक्त लेबलवर कॉटन लिहिलेलं नको. वरची पँट थर्मल घालूनच बघा, आणि उकिडवं बसून बघा.

प्रश्न : साल्हेरला लेगिंग्ज घालून गेले, कुसळांनी जीव नकोसा केला. उपाय? (सटाणा)

ताई, कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात आणि शेपटी ओलसर झाली की पीळ सोडते, त्यामुळे ते स्क्रूसारखं आत शिरतं. होजिअरीचं कापड, फ्लीस, लोकरी मोजे या सगळ्यांत त्याला आयतं घर मिळतं. गुळगुळीत विणलेल्या नायलॉनवरून ते घसरतं. लेगिंग्ज आवडत असतील तर आत राहू द्या, वरून सैल पँट घाला. मोज्यांवर गेटर्स. बर्फाचे गेटर्स आपल्याकडे कुसळांसाठीच जास्त वापरले जातात.

प्रश्न : वय 63. हरिहर गड करायचाय. विकतच्या पँटी कमरेला बसत नाहीत, शिंप्याकडून शिवून घेतली तर? (ओझर)

काका, जरूर शिवा. कापड टेरिकॉटचं किंवा पातळ पॉलिस्टरचं घ्या. शिंप्याला सांगा, आसनाला कळी (जादा कापडाचा तुकडा) घाल आणि गुडघ्याला सैल ठेव. हरिहरच्या कोरीव पायऱ्या उंच आहेत, खोबणीत हात घालून पाय वर टाकावा लागतो आणि नेमकी तिथंच शिवण उसवते. ट्रायलला खुर्चीवर पाय ठेवून बघा. कमरेला पट्टा नको, सॅकच्या पट्ट्याखाली बक्कल रुततं. नाडी बरी. तिच्या दोन्ही टोकांना गाठी मारा आणि खिशात एक सेफ्टी पिन असू द्या. एकदा नाडी आत गेली की ती गडावर ओवणं फार अवघड.