डिस्क वाढवण्याआधी एवढं बघ

अंबड एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग वाढवायला दोन डिस्क आल्या, छान झालं. पण लगेच टेबलं इकडची तिकडे हलवू नकोस. आधी शिफ्ट सुटताना, सगळे एकदम उत्पादनाच्या नोंदी टाकतात तेव्हा, आयओस्टॅट (डिस्कवर किती भार आहे ते दाखवणारी कमांड) लावून बघ. डिस्कपाशी कामांची रांगच नसेल तर दुखणं बहुधा क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) किंवा इंडेक्समध्ये (डेटा पटकन शोधून देणाऱ्या सूचीत) आहे. नवी डिस्क त्याला काय करणार?

रांग दिसली तर पहिल्यांदा वॉल, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंदवही, वेगळ्या डिस्कवर ने. साध्या सेटिंगमध्ये वॉल डिस्कवर पक्का उतरेपर्यंत कमिट, म्हणजे बदल कायम करणं, अडून राहतं. हे लिखाण सलग चालतं, टेबलांचं वाचन मात्र कुठूनही कुठेही. फिरत्या डिस्कवर दोन्ही एकत्र नांदवली की वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडची नुसती धावपळ. ७२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेराच सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा असतो, हे लक्षात घे. सर्व्हर नीट बंद कर, पीजी_वॉल फोल्डर नव्या डिस्कवर हलव, जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) दे, आणि सुरू कर.

टेबलस्पेसचं, म्हणजे टेबलं ठेवायच्या वेगळ्या जागांचं, नंतर. एकाच डिस्कची दोन पार्टिशनं करून त्यांवर टेबलस्पेस वाटून दिल्या तर काडीचा फायदा नाही, हेड तेच. टेबल हलवताना त्यावर लॉक बसतो, तोवर ते कुणाला वापरता येत नाही, म्हणून रात्रीच हलव. आणि एक टेबलस्पेस गेली तर बाकीचा डेटाबेस सुरू होईलच असं नाही. बॅकअप सगळ्याचा एकत्रच घे, दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघ. साहेबांनी आणखी दोन डिस्क मंजूर केल्या तर मी म्हणेन, सरळ रेड १० कर, म्हणजे डिस्कच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीत तोच डेटा दोनदा ठेव आणि जोड्यांमध्ये काम वाटून दे.