गावात मन रमलं, मग इथे का रमत नाही?

"दहा दिवस गावात राहून आले आणि तेव्हापासून घरात मन लागत नाही. सगळं सोडून तिकडेच जावं का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. मागे एक बाई हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) होमस्टे म्हणून त्या एका शेतकरी कुटुंबात राहिल्या होत्या. दोन खोल्या, अंगण, फोनला रेंज नाही. "मॅडम, तिथे काहीच नव्हतं आणि मला काहीच कमी पडलं नाही," हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

आधी झोप, भूक, कामातला रस यांची चौकशी केली. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर त्याचं कारण गाव आठवण्यात शोधू नये, तपासून घ्यावं. त्यांचं तसं नव्हतं.

मग तिथला एक दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावला. अंधार पडला की जेवण, नऊला अंथरूण, पहाटे आपोआप जाग. यात नवल नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत संशोधकांनी आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, विजेचे दिवे आणि फोन बंद. त्यांचं शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास आधी सरकलं, सूर्याशी जुळलं. पण बाई सगळ्यात जास्त बोलल्या त्या दुपारबद्दल. घरातल्या आजींशेजारी बसून त्या तासभर धान्य निवडायच्या. "त्या तासात डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं." हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं होतं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि तेव्हा माणसं कमी आनंदी होती.

मी विचारलं, "त्या घरातल्या ताईंना कसली काळजी होती?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग आठवलं: पाऊस लांबला होता, रात्री नवराबायको दबक्या आवाजात कर्जाचं बोलायचे. "मी पाहुणी होते. म्हणजे माझं समाधान खोटंच की!" आणि त्या शरमल्या.

हे मला मान्य नव्हतं. पाहुण्याला ताईंच्या काळज्या नसतात हे खरं, पण तासभर एका कामात बुडालेलं मन बाईंचंच होतं. ते गावाने उसनं दिलं नव्हतं. अशा अनुभवाला 'चार दिवसांचं पर्यटन' म्हणून उडवून लावणं मला क्रूरपणाचं वाटतं.

घरी बदलायच्या सात गोष्टी त्यांनी लिहून आणल्या होत्या. मी एकच ठेवली: रात्री जेवणानंतर फोन दुसऱ्या खोलीत, दिवे मंद आणि हाताला एक संथ काम. त्यांनी उसवलेले कपडे शिवायला घेतले. पहिला आठवडा वाईट गेला, फोनसाठी त्या रोज दोन-तीनदा उठत. दुसऱ्या आठवड्यात तासभर बसता यायला लागलं, तरी त्या म्हणाल्या, "तिथल्यासारखं नाही वाटत."

तिसऱ्या भेटीत कारण सापडलं. "काल सासूबाई येऊन शेजारी बसल्या, एक कपडा ओढून घेतला आणि बटण लावायला लागल्या. बोललो काहीच नाही. मॅडम, अगदी तसंच वाटलं." धान्य निवडताना आजी शेजारी असायच्या, हे पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं. मीही ते धान्याकडे पाहण्याच्या नादात निसटू दिलं होतं.

गावी राहायला जायचा विचार त्यांनी सोडलेला नाही. आता त्या पुन्हा त्याच घरी जाणार आहेत, महिनाभर, ऐन कामाच्या दिवसांत. आणि त्या ताईंना वर्षाचा हिशोब विचारणार आहेत.