टेम्पो म्हणजे ताल नव्हे आणि की म्हणजे राग नव्हे

सोलापूरच्या एक गायिका भावगीतांच्या कार्यक्रमासाठी प्रत्येक गाण्याचं मराठी टिपण करत आहेत. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मूळ ध्वनिमुद्रणाखाली टेम्पो, की (key) आणि मूड दिसतो. त्यांनी विचारलंय, की या तिन्हींसाठी ताल, राग आणि रस लिहिलं तर चालेल का? उदाहरण दिलंय शांता शेळके यांच्या शब्दांचं, सुधीर फडके यांनी गायलेलं ‘तोच चंद्रमा नभात’.

माझं उत्तर : लय, पट्टी आणि भाव लिहा.

ताल म्हणजे मात्रांचं आवर्तन. दादऱ्याच्या ६, रूपकच्या ७, केरव्याच्या ८ मात्रा. केरवा संथही वाजतो आणि भरधावही, म्हणून नुसता तालाचा उल्लेख वेग सांगत नाही. वेग सांगते ती लय : विलंबित म्हणजे संथ, मध्य, द्रुत म्हणजे जलद. ‘चाल’ तर इथे टाळाच, कारण चाल म्हणजे स्वररचना. ‘जलद चालीचं गाणं’ म्हटलं की ऐकणारा घोटाळ्यात पडतो. आपल्याकडे ‘लय भारी’मधला लय म्हणजे खूप, त्यामुळे काहींना हा शब्द लिहायला संकोच वाटतो. पण ‘लय वाढवू नका’ म्हटल्यावर कुठल्याही तबलजीला दुसरा अर्थ सुचणार नाही. अ‍ॅपचा आकडा मात्र हाताने टाळी देऊन तपासा. मिनिटाला ७० मात्रांचं गाणं यंत्र दुगुनीत मोजून १४० दाखवू शकतं, आणि तो आकडा तसाच साथीदारांना दिला तर गाण्याचा जीव जाईल.

‘की’साठी पट्टी हा पेटीवरून आलेला चोख शब्द आहे : काळी एक, काळी चार, पांढरी पाच. पट्टी एवढंच सांगते, की गाणाऱ्याचा सा कुठल्या कळेवर आहे. तुमचं गाणं यमन रागातलं. पुरुषाने काळी एकमध्ये गायलं काय आणि तुम्ही काळी चारमध्ये गायलात काय, यमन यमनच राहतो. इथेच अ‍ॅप फसू शकतं. यमनात मध्यम (म) तीव्र, म्हणजे चढा. पेटीवर पांढरी एकपासून यमनाचे सात स्वर वाजवा, मग तेच सात स्वर पांढरी पाचपासून वाजवून बघा : शुद्ध स्वरांचं सप्तक, म्हणजे आपला बिलावल थाट मिळेल. यंत्र त्यालाच ‘मेजर’ म्हणतं आणि पंचमालाच (प) षड्ज (सा) ठरवून मोकळं होतं. त्यावर भिस्त ठेवून पेटीवाल्याने पांढरी पाच धरली तर गाणं पहिल्याच ओळीत अडकेल. तेव्हा आधी तानपुऱ्यावर सा शोधा, मग लिहा. जुन्या मुद्रणात फीत किंचित जलद फिरलेली असली तर लय आणि पट्टी दोन्ही एकदम चढतात आणि सा दोन कळांच्या मध्येच सापडतो. तिथे ‘काळी एकच्या जरा वर’ असं सरळ लिहावं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक मंडळींपैकी कर्नाटक संगीत शिकलेले साथीदार तुम्हाला ‘श्रुती काय?’ विचारतील. त्यांना पट्टीच विचारायची असते. ‘श्रुतिर्माता लयः पिता’ या वचनातली श्रुती तीच, आधाराचा सूर. आपल्या हिंदुस्थानी पद्धतीत मात्र श्रुती म्हटलं की सप्तकातले २२ सूक्ष्म स्वर आठवतात, म्हणून मराठी टिपणात तो शब्द नको.

राहिला मूड. रस हा शास्त्राचा शब्द, नऊच खणांचा. शृंगार लिहून मोकळं होता येतं, पण या गाण्यात चंद्र तोच, रात्र तीच, जवळ बसलेली तीही तीच, आणि तरी पूर्वीची धुंदी हरपलेली आहे. अ‍ॅपने ‘रोमँटिक’ म्हटलं ते अर्धंच. भाव या शब्दात ती हुरहुर मावते, आणि भावगीताच्या नावातच तो आहे. त्यापुढे एखादं नेमकं विशेषण जोडा : आर्त, खेळकर, विरक्त. या गाण्यापुढे मी ‘हरवलेपणाचा’ लिहीन.