अमेरिकेची डिस्क, विलायतचं मशीन: लेन्स बदलू नका

डोंबिवलीच्या ज्या सदस्याने परवा विचारलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. भावाने इंग्लंडहून जुनं करडं प्लेस्टेशन (सोनीचं गेम खेळायचं मशीन) आणलं, ओळखीतल्या कुणीतरी अमेरिकेहून 'मेडिईव्हिल 2' या गेमची डिस्क दिली, आणि डिस्क घातली की गेम सुरू न होता प्लेस्टेशनची सीडी घाला असं इंग्रजीत येतं. दुकानदार म्हणतो डिस्क वाचणारी लेन्स गेली. शिवाय पहिला भाग खेळला नसेल तर दुसरा कळेल का, हाही प्रश्न आहे.

तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. 2000 सालच्या पावसाळ्यात लालबागच्या आमच्या खोलीत अगदी हेच झालं होतं, म्हणून आधी एवढंच सांगतो: दुकानात पैसे देऊ नका. घरातली कुठलीही गाण्यांची सीडी त्यात घालून बघा. गाणी सुरळीत वाजली तर लेन्स बहुतेक ठीक आहे. (मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही. लेन्स अगदी दमलेली असेल तर गाणी वाजूनही गेम अडखळतो. पण तो बहुतेक मधेच अडखळतो, सहसा दारातच अडत नाही.)

मशीन उलटं करा. खालच्या पट्टीवर एससीपीएच आणि पुढे आकडा असेल. शेवटचा आकडा 2 असेल तर मशीन युरोपचं, 1 असेल तर अमेरिकेचं, 0 असेल तर जपानचं. आता डिस्कवरचा कोड बघा: एससीईएस म्हणजे युरोप, एससीयूएस म्हणजे अमेरिका. दोघांचा प्रदेश जुळत नसेल तर मशीन डिस्क नाकारणारच. ते बिघडलेलं नाही, तसंच बनवलेलं आहे.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मामा बोटीवर होता. त्याने साउदॅम्प्टनहून मशीन आणि 'मेडिईव्हिल'चा पहिला भाग आणला. तो भाग मी वर्षभर खेळलो. दोन सोडून सगळे चषक भरले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बहुतेक पातळ्यांत पुरेसे शत्रू मारले की चषक भरतो, तो शोधून घेतला की खेळाचा नायक डॅन वीरांच्या दालनात जातो आणि तिथला एखादा वीर त्याला हत्यार किंवा दुसरं काही देतो. झोपलेल्या गावात मात्र जपून, तिथले लोक मंतरलेले असतात, त्यांना मारलं तर चषक उलट रिकामा होतो. हे कळायला मला मे महिन्याची अख्खी सुट्टी लागली.

मग मामाची पुढची बोट ह्यूस्टनला लागली आणि तो दुसरा भाग घेऊन आला. चालेना. मी दहावीतला पोरगा, मशीन पिशवीत घातलं आणि एका दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. माझी चूक तिथे झाली, आणि तुम्ही ती करू नये म्हणून हे एवढं लांबवतोय. खेळ कुठवर आला ते साठवणारं मेमरी कार्ड खाचेतच राहिलं. पावतीवर त्याने लिहिलं, 'मशीन 1, रिमोट 1, वायर 1.' कार्डाचा उल्लेख नाही, आणि मी पावती न वाचता खिशात घातली.

तीन आठवडे फेऱ्या. कधी 'पार्ट यायचाय', कधी 'कारागीर गावी गेलाय'. लेन्सचे चौदाशे घेतले. तरी डिस्क चालेना, तेव्हा म्हणाला दुसऱ्या प्रदेशाची डिस्क चालवणारी चिप बसवावी लागेल, म्हणजे दुखणं लेन्सचं नव्हतंच. चिपचे वेगळे पैसे. मशीन हातात आलं तेव्हा खाचेत कार्ड नव्हतं. विचारलं तर काउंटरवरून पावती पुढे सरकवली, 'यात कुठे लिहिलंय?' वडील दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून माझ्याबरोबर आले, त्यांनाही हेच उत्तर. त्या कार्डाला बाजारात फार किंमत नसेल, पण माझं वर्ष त्यात होतं. आजही कुठलीही वस्तू दुरुस्तीला देताना प्रत्येक सुटा भाग पावतीवर लिहून घेतो, आणि मोबाइलमध्ये फोटो काढतो. तुम्हीही काढा.

आणि घरी आल्यावर चित्र काळंपांढरं! आपल्याकडचे टीव्ही तेव्हा पाल नावाच्या रंगपद्धतीचे, अमेरिकेची डिस्क एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीची. चिप डिस्क चालवते, रंग जुळवत नाही. दुसरा भाग मी पूर्ण काळापांढरा खेळलो. आजी शेजारी बसून बघायची. पहिल्या भागात डॅन हत्यार नसेल तर स्वतःचा हात उपटून मारतो, ते तिने पाहिलं होतं. दर थोड्या वेळाने विचारायची, 'हात लावला का रे त्याने परत?'

तुमच्यावर ही वेळ आली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये रंगपद्धत 'ऑटो'वरून बदलून बघा. तेवढ्याने जमेलच असं नाही, युरोपच्या मशीनचे सिग्नल विचित्र येतात. खरा उपाय आरजीबी केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा पाठवणारी), किंवा सरळ युरोपची डिस्क. मी डिस्कच म्हणेन. चिप बसवावी की नाही आणि ते कायद्यात बसतं का, यावर माझ्याकडून सल्ला घेऊ नका.

जाता जाता: इंग्लंडचं मशीन आपल्या विजेवर चालतं. वायर हरवली असेल तर टेपरेकॉर्डरची इंग्रजी आठच्या आकाराची वायर बसते. अमेरिकेचं मशीन मात्र थेट आपल्या प्लगात घालू नका, ते 120 व्होल्टचं असतं.

आता मालिकेबद्दल. माझं ठाम मत, पहिल्यापासून सुरू करा. केंब्रिजच्या मिलेनियम इंटरॅक्टिव्ह या गेम कंपनीत क्रिस सॉरेल यांनी 1995 च्या सुमारास हे काम हाती घेतलं, तेव्हा नाव होतं 'डेड मॅन डॅन'. कॅपकॉम कंपनीच्या 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' या जुन्या गेमची धावपळ आणि सिनेदिग्दर्शक टिम बर्टनच्या धाटणीची वाकडीतिकडी भुताळी चित्रं, असं ते मिश्रण. 1997 मध्ये सोनीने कंपनी विकत घेतली, आणि 1998 च्या ऑक्टोबरात खेळ आला. गोष्ट अशी: 1286 च्या लढाईत सर डॅनियल फोर्टेस्क्यू, म्हणजे आपला डॅन, सगळ्यात पुढे धावतो आणि पहिलाच बाण डोळ्यात लागून मरतो. राजा ते लपवून त्याला वीर ठरवतो. शंभर वर्षांनी झॅरॉक नावाचा मांत्रिक मेलेल्यांना उठवतो, त्यात चुकून हाही उठतो. एक डोळा नाही, खालचा जबडा नाही, नुसता पुटपुटतो. खोट्या मानाने पुतळा उभा राहिलेला माणूस तो मान खरोखर कमावायला निघतो. सगळे चषक मिळाले तरच शेवटी त्याला वीरांच्या दालनात जागा मिळते, नाहीतर तो परत आपल्या थडग्यात जाऊन निजतो. म्हणून ते दोन चषक मला अजून टोचतात.

दुसरा भाग 2000 चा. काळ 1886, जागा लंडन. डॅन संग्रहालयात ठेवलेला असतो. पेलथॉर्न नावाचा माणूस झॅरॉकच्या मंत्रपोथीतला मंत्र वापरतो आणि शहरातले मेलेले उठतात. गोष्ट स्वतंत्र कळते, पण डॅन कोण आणि त्याला काय सिद्ध करायचं होतं हे माहीत नसेल तर किया या राजकन्येशी त्याचं जे नातं जुळतं ते वरवरचं वाटेल. पुढे सांगत नाही, तुमचं खेळून व्हायचंय.

2005 चा पीएसपीवरचा (सोनीचं हातात धरून खेळायचं मशीन) 'रिझरेक्शन' पहिल्याच भागाची नवी मांडणी. त्यात डॅनच्या कवटीत एक बडबड्या जिन घातलाय. मला तो मुळीच आवडला नाही, डॅनचं मुकेपणच तर त्याचं मोठेपण आहे. आवडणारेही आहेत, त्यांच्याशी वाद नाही. केंब्रिजचा तो स्टुडिओ 2017 च्या जानेवारीत बंद झाला. त्याच वर्षी डिसेंबरात पहिल्या भागाच्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली, ती अदर ओशन या कंपनीने बनवली आणि 2019 मध्ये पीएस 4 (प्लेस्टेशन 4) वर आली. त्यात हरवलेले आत्मे सगळे गोळा केले की 1998 चा मूळ खेळ उघडतो. घरात पीएस 4 असेल तर पहिला भाग खेळायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. मी 2019 च्या दिवाळीत तो मूळ खेळ उघडला आणि राहिलेले दोन्ही चषक भरले. आजी तेव्हा नव्हती.

तर आज रात्री मशीन उलटं करून तो आकडा इथे लिहा. शेवटी 2 निघाला तर मामाने आणलेली पहिल्या भागाची डिस्क माझ्याकडे अजून चालते. शनिवारी दादरला पुलाखाली भेटू, घेऊन जा, खेळून झाली की परत द्या. कार्ड मात्र स्वतःचं आणा.