मुद्दल निघेपर्यंत थांबावे का?

प्रश्न : २०२१ च्या अखेरीस एका रसायन कंपनीचे २०० समभाग मी ४८० रुपयांनी घेतले. आज भाव १९० आहे. 'विकले नाही तोवर तोटा कागदावरच' असे माझे मेहुणे म्हणतात. मुद्दल निघेपर्यंत थांबावे का? याच आर्थिक वर्षात समभागाधारित म्युच्युअल फंडाची जुनी युनिटे विकून मला १,७०,००० रुपयांचा दीर्घकालीन नफा झाला आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मेहुण्यांचे म्हणणे धीर देणारे असले तरी खरे नाही. समभागाची आजची किंमत १९० रुपयेच आहे आणि आपण तो कितीला घेतला होता, याच्याशी बाजाराला काही देणेघेणे नाही. मुद्दल निघायचे तर भाव येथून सुमारे १५३ टक्के वाढायला हवा. म्हणून ४८० हा आकडा बाजूला ठेवून, हातात आज ३८,००० रुपये रोख असते तर हेच समभाग घेतले असते का, एवढेच स्वतःला विचारावे.

२०२१ मध्ये रसायनांचे भाव चढे होते. पुढे चीनमधून पुरवठा वाढला, भाव उतरले आणि अनेक कंपन्यांचे नफे आटले. घसरण केवळ या चक्रामुळे झाली असेल, कर्ज आटोक्यात असेल आणि व्यवसायातून रोकड येत असेल, तर थांबण्यास कारण आहे. परंतु नफा दिसूनही रोकड येत नसेल, किंवा प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) कर्जासाठी तारण ठेवलेल्या समभागांचे प्रमाण तिमाहीगणिक वाढत असेल (ही माहिती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळते), तर विकावे. खरेदीची सरासरी किंमत खाली आणण्यासाठी आणखी समभाग घेण्याचा मोह मात्र दोन्ही स्थितींत टाळावा, असे माझे मत आहे.

आता कर. विकल्यास ५८,००० रुपयांचा दीर्घकालीन तोटा आपल्या नफ्यातून वजा होऊन १,१२,००० रुपये उरतील आणि ते १,२५,००० च्या करमुक्त मर्यादेत बसतील; न विकल्यास वरच्या ४५,००० रुपयांवर १२.५ टक्के दराने, उपकरासह, ५,८५० रुपये भरावे लागतील. विक्री ३१ मार्चपर्यंत व्हायला हवी. अर्थात, एवढ्या रकमेसाठी चांगली कंपनी सोडू नये. कंपनीवर विश्वास असूनही वजावट हवी असेल, तर विकून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येईल. त्याच दिवशी घेतल्यास तो व्यवहार इंट्राडे ठरतो आणि जुना तोटा वजावटीस मिळत नाही.