गोळा पोटरीत, मुरडा पोटात: स्नायूंविषयी वाचकांचे प्रश्न

आई विड्या वळते, वय ५८. रात्री पोटरीत गोळा येतो आणि ती ओरडतच उठते. मला मागं पोटात मुरडा आला होता, तेव्हाच्या गोळ्या शिल्लक आहेत. त्या आईला दिल्या तर चालतील का? (निपाणी)

देऊ नका. कळ दोन्हीकडे सारखीच वाटली तरी स्नायू वेगळे आहेत. पोटरीचा स्नायू हाडाला बांधलेला, रेखित (म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे दिसणारा), आपल्या इच्छेने हलणारा. आतड्याच्या भिंतीतला अरेखित (बिनपट्ट्यांचा), तो आपल्याला विचारून आवळत नाही. दोघांनाही आवळण्याचा निरोप ॲसिटिलकोलीन हेच रसायन पोचवतं, पण ते स्वीकारणारे ग्राही निराळे असतात. मुरड्यावरची डायसायक्लोमीन फक्त आतड्याकडच्या जातीचे ग्राही अडवते. पोटरीला तिचा पत्ताही लागत नाही. उलट या वयात तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, नजर धूसर होणं असे त्रास मात्र पदरात पडतात. काचबिंदू असेल तर धोका आणखी वाढतो. मुरड्यावरची दुसरी गोळी, ड्रोटाव्हेरीन, हीही अरेखित स्नायूंसाठीच आहे.

गोळा आला की पाय गुडघ्यात सरळ करायचा, चवडा धरून बोटं नडगीच्या दिशेने ओढायची आणि अर्धा मिनिट तसंच धरायचं. उभं राहता येत असेल तर टाच जमिनीला टेकवून अंगाचा भार त्या पायावर टाकावा. नंतर पोटरी चोळा, शेक द्या. बोटं खालच्या बाजूला ताणू नका, त्याने आवळलेला स्नायू आणखी आखडतो.

सुपात तंबाखू-पानं घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसलं की पोटरी आखडलेल्या स्थितीतच राहते. दर पाऊण तासाला उठून चार पावलं टाकावीत. झोपण्याआधी भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, टाचा टेकलेल्या ठेवून पुढे झुकायचं, वीस-तीस सेकंद थांबायचं. असं तीनदा करा. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बरीच जाहिरात होते, पण उतारवयात पोटरीत येणाऱ्या गोळ्यावर त्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही. आईला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. सोबत साखर, थायरॉईड आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

दोन गोष्टी मात्र गोळा समजून अंगावर काढू नका. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. आणि ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते, थांबलं की दुखायचं बंद होतं, असं होत असेल तर पायाची रोहिणी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत हे जास्त आढळतं.

फाउंड्रीत कामाला आहे, दमा आहे. पंप ओढला की श्वास मोकळा होतो, पण हात थरथरतात आणि छाती धडधडते. औषध सोसत नाही म्हणायचं का? (उद्यमबाग, बेळगाव)

सोसत नाही असं नाही. औषध एकच, पण ते तुमच्या तिन्ही जातींच्या स्नायूंपर्यंत पोचतंय. श्वासनळ्यांभोवती अरेखित स्नायूंची वेटोळी असतात. दम्यात ती आवळतात, पंपातलं साल्ब्युटामॉल त्यांच्यावरच्या बीटा-२ ग्राहींना चिकटून ती सैल करतं. तेच ग्राही हाताच्या रेखित स्नायूंवरही असतात, म्हणून थरथर. हृदयावर बीटा-१ जास्त असले तरी थोडे बीटा-२ असतातच. शिवाय रक्तवाहिन्या सैलावल्या की हृदय वेग वाढवतं. थरथर थोड्या वेळात ओसरते. छातीत दुखलं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले तर मात्र डॉक्टरांकडे जा.

बऱ्याचदा खरी चूक पंप घेण्याच्या पद्धतीत असते. झाकण काढून पंप नीट हलवा. पूर्ण श्वास सोडा. नळी ओठांत घट्ट धरा, श्वास सावकाश आत घ्यायला लागा आणि तेव्हाच एकदा दाबा. श्वास भरला की दहा सेकंद रोखून धरा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. झटक्यात ओढलं तर औषध घशावर आपटतं, तिथून पोटात आणि रक्तात जातं. थरथर वाढते, दम तसाच राहतो. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला की यातलं बरंच टळतं.

महत्त्वाचं म्हणजे हा पंप आवळलेला स्नायू सोडवतो, श्वासनळीची सूज उतरवत नाही. सूज स्टेरॉइडच्या पंपाने उतरते, तो रोज घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. वाळूची धूळ उडते तिथे मास्कशिवाय उभं राहणं तर आजच बंद करा.

पीयूसी प्रथम वर्षाला (अकरावीला) आहे. प्रॅक्टिकलला तिन्ही स्नायूंच्या स्लाइड ठेवतात. रेखित आणि हृदयाचा यांत नेहमी घोटाळा होतो. (खानापूर)

पट्टे शोधत बसतेस म्हणून घोटाळा होतो, कारण पट्टे दोघांतही असतात. आधी केंद्रक बघ. हाडाच्या स्नायूचा तंतू लांब, न फुटलेला, त्यात अनेक केंद्रकं आणि ती काठाला सरकलेली. हृदयाची पेशी आखूड, फाटे फुटलेली, केंद्रक एक, क्वचित दोन, आणि तेही मधोमध. दोन पेशी जुळतात तिथे आडवी गडद रेघ दिसते, ती अंतर्निविष्ट चकती. ती सापडली की उत्तर नक्की. अरेखित पेशी दोन्ही टोकांना निमुळती, एक केंद्रक मधे, पट्टे नाहीत.

आधी १०च्या, मग ४०च्या वस्तुभिंगाखाली बघ. पट्टे पुसट दिसले तर उजेड वाढवू नको. कंडेन्सरचा पडदा थोडा मिटव, गडद-फिकट फरक उठून येतो. कंडराची (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची) स्लाइड ठेवून परीक्षक फसवू शकतात. तीही अरेखित स्नायूसारखी दिसते, पण तिची केंद्रकं बारीक, दबलेली, धाग्यांच्या ओळींमधे असतात, पेशीच्या पोटात नाही.

मुलगा १७ वर्षांचा, वजन ६० किलो. नवीन तालमीत घातलाय. पहिल्याच दिवशी ५०० बैठका मारल्या, आता दोन दिवस जिना उतरता येत नाही. वस्ताद म्हणतात आंबट साचलंय, आणखी बैठका मारल्या की उतरेल. (येळ्ळूर)

आंबट साचलेलं नाही. वस्ताद ज्याला आंबट म्हणतात ते लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं ते तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरा आणि त्यांच्या सुजेमुळे. बैठकीत खाली जाताना मांडी ताणली जात असतानाच जोर लावते, तिथे चिरा जास्त पडतात.

आज त्याची लघवी कोणत्या रंगाची होते ते आधी विचारा. चहासारखी किंवा कोकाकोलासारखी काळपट असेल, मांड्या टणक सुजल्या असतील, उठवत नसेल, तर वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या. तंतू फुटून त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकून ते निकामी करू शकतं. पोटॅशियम वाढून हृदयाचा ताल बिघडू शकतो. सीपीके (स्नायूंतून रक्तात उतरणारं द्रव्य मोजणाऱ्या) तपासणीत एरवी दोनशेच्या आसपास असणारा आकडा अशा वेळी हजारांत जातो. दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडावर दुहेरी मार पडतो. तालमीत जुन्या पोरांना हजार बैठका पचतात, कारण त्यांचे तंतू महिनोन्‌महिने तयार झालेले असतात. नव्या पोराला पहिल्या दिवशी पाचशे लावणं ही परंपरा नव्हे, निष्काळजीपणा आहे.

लघवी स्वच्छ असेल तर तीन-चार दिवस बैठका बंद, हलकं चालणं चालू. मग वीस-वीसच्या तीन फेऱ्यांनी सुरुवात करावी, एक दिवसाआड. कळ न राहता जमलं तरच वाढवावं.

व्यायामाने तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, असलेले तंतू जाड होतात. तंतूलगतच्या राखीव पेशी जाग्या होऊन त्यात मिसळतात, चिरा भरतात. त्याला दिवसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हशीचं एक लिटर दूध म्हणजे ३५ ते ४०, एक अंडं ६, शंभर ग्रॅम कच्ची तूरडाळ २२, शंभर ग्रॅम शेंगदाणे २५. थंडाई, डाळ, दूध यांतच हिशेब बसतो. डब्यातल्या पावडरीवर पैसे घालवायची गरज नाही.

भावाला हार्ट अटॅक येऊन गेला. दंड जसा व्यायामाने भरतो तसा हृदयाचा मेलेला भाग भरून येईल का? (जांबोटी)

नाही. हृदयात दंडासारख्या कामाच्या राखीव पेशी नाहीत. तिथल्या पेशी वर्षाला एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी बदलतात. मेलेल्या जागी वण तयार होतो, तो आकुंचन पावत नाही. व्यायामाचा फायदा उरलेल्या स्नायूला आणि रक्तवाहिन्यांना होतो. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने चालत आठवड्याला पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत पोचावं. श्वास रोखून पोती उचलणं नको.

हृदय थकत का नाही, असंही तुम्ही विचारलंय. दिवसाला लाखभर ठोके देणाऱ्या त्या पेशींत चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जागा ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांनीच व्यापलेली असते. एका ठोक्यानंतर जवळजवळ पाव सेकंद पेशी दुसरा हुकूम घेतच नाही, म्हणून हृदयात पोटरीसारखा गोळा येत नाही. पण प्राणवायूची उधारी त्याला चालत नाही, रोहिणी बंद पडली की वीस मिनिटांपासून पेशी मरू लागतात. म्हणून जांबोटीसारख्या जंगलपट्टीतल्या गावांनी वेळ घालवू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आला की १०८ ला फोन करायचा, मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही. पहिला ईसीजी साधा निघाला तरी घरी परतू नका. हृदयाला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, पण त्याला तीन-चार तास लागू शकतात, म्हणून ईसीजी आणि रक्त पुन्हा तपासतात.

श्वास ऐच्छिक की अनैच्छिक? आणि अंगावर काटा येतो तो कुठला स्नायू? (निपाणी)

श्वासपटल रेखित आहे, म्हणून श्वास रोखता येतो. झोपेत त्याला हुकूम मेंदूच्या देठातून मिळतो. काटा आणणारे स्नायू केसांच्या मुळाशी असतात, अरेखित. घास गिळताना तर दोन्ही जाती एकामागून एक येतात. अन्ननलिकेचा वरचा भाग रेखित, मधला मिश्र, खालचा अरेखित. घास घशाखाली उतरला की तो थांबवता येत नाही.