पिंजऱ्यावरच्या कार्डापासून सुरुवात कर

प्रिय संशोधक,

होल माउंटची (अख्खी स्तनग्रंथी काचपट्टीवर पसरून रंगवण्याची) पद्धत लिहून पाठवा असं तू म्हटलंस. ती पुढे दिली आहे, पण आधी प्राणिगृहाबद्दल. स्तनग्रंथीत दिसतं ते त्या मादीला गेल्या काही आठवड्यांत मिळालेल्या हॉर्मोन्सचं फळ असतं. त्यात तुझं औषध असतं आणि वय, ऋतुचक्र, खाद्य, शेजारचे प्राणी हेही असतं. हे सगळं आधी बांधून घेतलं नाहीस, तर रंग कितीही सुरेख चढला तरी निष्कर्ष काढता येणार नाही.

वयापासून सुरू करू. नुकत्याच जन्मलेल्या माऊसमध्ये स्तनाग्राजवळ एक छोटी नलिका आणि तिला काही मोजक्या फांद्या एवढंच असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे झाड शरीराच्या वाढीइतकंच वाढतं. मग अंडाशय जागे होतात, नलिकांची टोकं फुगतात आणि टर्मिनल एंड बड, म्हणजे टीईबी, तयार होतात. पाचव्या आठवड्याच्या सुमाराला ते सर्वांत जास्त असतात. दहा ते बारा आठवड्यांत नलिका चरबीच्या गादीच्या कडेला पोचतात आणि टीईबी नाहीसे होतात. म्हणून दहा आठवड्यांच्या मादीत टीईबी मोजण्यात अर्थ नाही. पाच आणि सहा आठवड्यांच्या माद्या एकाच गटात घातल्यास, तर वयाचा फरक औषधाचा म्हणून छापला जाईल. जन्मतारीख, वजन आणि योनिमुख उघडल्याचा दिवस कार्डावर हवाच. एकाच वेतातल्या बहिणी वेगवेगळ्या गटांत वाट. सगळ्या एका गटात टाकल्यास तर आकडेमोडीत ते एकच वेत धरावं लागेल.

आता हॉर्मोन्स. इस्ट्रोजेन नलिका लांबवतं, पण त्याचा ग्राहक (हॉर्मोन पकडणारं प्रथिन) असलेल्या पेशीच विभागतात असं नाही. इस्ट्रोजेन ग्राहक अल्फा असलेल्या पेशी अँफिरेग्युलिन सोडतात आणि त्याच्या सांगण्यावरून शेजारच्या पेशी वाढतात. प्रौढ ग्रंथीत ग्राहक आणि केआय-67 (विभागणाऱ्या पेशीची खूण) दोन्ही एकाच पेशीत फारसे सापडले नाहीत, तर लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नकोस. ग्रोथ हॉर्मोनही लागतं. ते गादीतल्या पेशींकडून आयजीएफ-1 हा वाढ घडवणारा घटक तयार करून घेतं. 1958 मध्ये लायन्स आणि सहकाऱ्यांनी पिट्युटरी, अधिवृक्क ग्रंथी आणि अंडाशय काढलेल्या रॅटमध्ये हे उलगडून दाखवलं: नलिकांसाठी इस्ट्रोजेन, ग्रोथ हॉर्मोन आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड, तर खंडिकांसाठी (दूध तयार करणाऱ्या कूपिकांच्या झुपक्यांसाठी) त्यात प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिनची भर. प्रोजेस्टेरॉन मुख्यतः आरएएनकेएल या संदेशक प्रथिनामार्फत बाजूच्या फांद्या फोडतं. प्रोलॅक्टिन एसटीएटी-5 हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागवून कूपिकांना दुधासाठी तयार करतं.

प्रौढ मादीत हीच गोष्ट दर चार-पाच दिवसांनी छोट्या प्रमाणात घडते. डायइस्ट्रसमध्ये (दोन माजांमधला टप्पा) बाजूच्या फांद्या जास्त दिसतात, इस्ट्रसमध्ये (माजाचा टप्पा) कमी. म्हणून सर्व माद्या एकाच टप्प्यात घे. योनिस्रावाच्या काचपट्टीवर केंद्रकवाल्या गोल पेशी दिसल्या तर प्रोइस्ट्रस (माजाच्या आधीचा टप्पा), केंद्रक नसलेल्या कडक पापुद्र्यासारख्या दिसल्या तर इस्ट्रस, श्वेतपेशींचीच गर्दी असेल तर डायइस्ट्रस. सलाइनचा थेंब योनिमुखाशीच सोडून परत ओढ, पिपेटचं टोक आत खुपसू नकोस. गर्भाशयमुखाला धक्का लागला की मादी आभासी गर्भावस्थेत जाऊ शकते. मग चक्र दहा-बारा दिवस थांबतं आणि कुमारी मादीची ग्रंथी गर्भिणीसारखी फुलते. नियंत्रण गटात असं एखादं भरगच्च झाड दिसलं तर आधी हीच शंका घे. नर जवळ नसताना एका पिंजऱ्यात खूप माद्या ठेवल्या तर त्यांची चक्रं लांबतात किंवा थांबतात. नराच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा त्यांच्याकडे टाकला की तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणी इस्ट्रसमध्ये येतात.

खाद्यात सोयाबीन असेल तर त्यासोबत वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनही येतात आणि त्यांचं प्रमाण गोणीगणिक बदलतं. कमी फायटोइस्ट्रोजेनचं खाद्य निवड आणि प्रयोग संपेपर्यंत तेच ठेव. जुन्या, ओरखडे पडलेल्या पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्यांतून आणि बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए झिरपतं. काचेच्या बाटल्या आणि पॉलिसल्फोनचे पिंजरे वापर.

बाहेरून हॉर्मोन द्यायचं असेल तर अंडाशय काढल्यावर एक-दोन आठवडे थांब, म्हणजे जुनं हॉर्मोन उतरेल. माऊसमध्ये नेहमीचा डोस आहे इस्ट्रॅडायॉल (एक इस्ट्रोजेन) 1 मायक्रोग्रॅम आणि प्रोजेस्टेरॉन 1 मिलिग्रॅम, 100 मायक्रोलिटर तिळाच्या तेलात, रोज त्वचेखाली. आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळव, मग तेलात मिसळ. नियंत्रण गटाच्या तेलातही तेवढंच इथेनॉल हवं. प्रोजेस्टेरॉन थंडीत स्फटिक होऊन तळाशी बसतं, म्हणून टोचण्यापूर्वी बाटली कोमट करून हलव. एकटं प्रोजेस्टेरॉन दिलंस तर फारसं काही दिसणार नाही, कारण त्याचा ग्राहक पुरेसा तयार व्हायला इस्ट्रोजेन लागतं. आणि जास्त इस्ट्रॅडायॉल म्हणजे जास्त वाढ, हे गृहीत धरू नकोस. मोठ्या डोसाने टीईबी उलट आखडतात, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या पेलेटने (त्वचेखाली बसवलेली, हॉर्मोन हळूहळू सोडणारी गोळी) माऊसमध्ये लघवी तुंबते. मूत्राशय रोज हाताने चाचप. शेवटी गर्भाशयाचं वजन कर. अंडाशय नसलेल्या, फक्त तेल मिळालेल्या मादीत ते दोऱ्यासारखं बारीक असायला हवं. जाड दिसलं तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला आहे. माझ्या मते हा स्वस्त पुरावा रक्तातल्या इस्ट्रॅडायॉलच्या किटपेक्षा विश्वासाचा. माऊसमध्ये ती पातळी इतकी कमी असते की बहुतेक किट तिथे डगमगतात.

आता होल माउंट. माऊसमध्ये पाच जोड्या, रॅटमध्ये सहा. माऊसची चौथी, पोटाजवळची ग्रंथी घे. ती सपाट असते आणि तिच्यातली लसिकाग्रंथी खूण म्हणून कामी येते. बाजू ठरवून टाक, उदाहरणार्थ डावी होल माउंटला, उजवी छेदांसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापांसाठी). आरएनए काढायचा असेल तर लसिकाग्रंथी आधी काप, नाहीतर तिच्याच पेशींचा आरएनए मोजत बसशील. त्वचा सोलून ग्रंथी अलगद सोडव, काचपट्टीवर मूळ आकारात पसर, ताणू नकोस. चिकटायला काही मिनिटं दे, वाळू मात्र देऊ नकोस.

ऊतक टिकवून धरणारा कार्नॉय द्राव ताजा कर: शुद्ध इथेनॉल, क्लोरोफॉर्म आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल 6:3:1. काचेच्या बरणीत, फ्यूम हूडमध्ये. कुमारी ग्रंथीला दोन ते चार तास, गर्भिणीच्या जाड ग्रंथीला रात्रभर. मग 70 टक्के इथेनॉल 15 मिनिटं, हळूहळू पाण्यावर ये आणि रात्रभर कार्माइन ॲलममध्ये ठेव. रंगासाठी 1 ग्रॅम कार्माइन आणि 2.5 ग्रॅम पोटॅशियम ॲलम 500 मिलिलिटर पाण्यात 20 मिनिटं उकळ, आटलेलं पाणी भरून काढ, गाळ, थायमॉलचा एक खडा टाकून फ्रिजमध्ये ठेव. पुढे 70, 95, 100 टक्के इथेनॉल, प्रत्येकी 15 मिनिटं, आणि चरबी पारदर्शक होईपर्यंत झायलीन.

झायलीनमध्ये पांढरे ढग आले तर पाणी राहिलं आहे. परत जाऊन नवं 100 टक्के इथेनॉल वापर, जुनं ओलसर झालेलं असतं. सगळी गादीच गुलाबी दिसत असेल तर 70 टक्के इथेनॉलमध्ये एक-दोन टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घालून रंग उतरव आणि नजर हलवू नकोस, तो झपाट्याने उतरतो. कडा गडद आणि मध्य फिका राहिला तर द्राव आतपर्यंत पोचला नाही. रॅटची ग्रंथी जाड असते, फांद्या एकमेकींवर येतात. तिच्यासाठी प्रत्येक पायरीचा वेळ वाढव. गर्भारपणाच्या अखेरीस होल माउंटमध्ये नुसता लाल गठ्ठा दिसतो. तिथे छेदच घे.

नलिकांची लांबी लसिकाग्रंथीच्या मध्यापासून सर्वांत पुढच्या टोकापर्यंत मोज. टीईबी म्हणून नलिकेच्या टोकाचाच, 100 मायक्रोमीटरहून रुंद फुगवटा धर आणि ही व्याख्या मोजणीआधीच वहीत लिही. काचपट्ट्यांवर सांकेतिक क्रमांक दुसऱ्या कुणाकडून घालून घे. त्याआधी थोड्या काचपट्ट्या तू आणि आणखी एकाने वेगवेगळ्या मोजून आकडे ताडून पाहा. ते जुळत नसतील तर व्याख्या दोघांनी बसून पक्की करा आणि त्या काचपट्ट्या पुन्हा मोजा.